हे पोकलेन धुवू नये

लिहून ठेवणार : श्रीमती चतुराबाई कारभारी गायके, वय ६४ वर्षे, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर.

मी हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकात न येता लिहून ठेवते. माझ्या शुद्धीबद्दल शंका फक्त माझा मुलगा सोमनाथ यालाच आहे. साठी ओलांडलेली बाई प्लॅस्टिकचे पोकलेन जोडत बसते म्हणजे तिच्या डोक्याचा एखादा नट सैल झाला असणार, असे त्याचे मत. म्हणून डॉ. विश्वजीत यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत उतरले, तेव्हा तेच म्हणाले, "बाई, पुरे."

या कागदात माझे पती कारभारी यांचे नाव वारंवार येईल. संसारात ते उखाण्याखेरीज घेतले नाही. आता कायद्याला लागते म्हणून घेते. शिवाय अकरा वर्षे लोक ते ज्या तऱ्हेने घेत आले, ते मला पुसायचे आहे.

कलम १. घर.

पुंडलिकनगरातले घर, खाली दोन खोल्या व वर एक, माझ्या पगारातून उभे राहिले. ते सोमनाथला द्यावे. तो एकुलता एक आहे, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. मात्र बैठकीत त्याने लावलेला फोटो माझे प्रेत घराबाहेर निघण्याआधी भिंतीवरून उतरावा. फोटोत पिवळेधमक पोकलेन आहे, साहेबरावांच्या खाणीवरचा मदतनीस सांडू त्याला झेंडूचा हार घालतो आहे आणि मागे ते माझे धाकटे दीर स्वतः उभे आहेत. सोमनाथ साहेबरावांच्या कचेरीत नोकरीला आहे, त्याला त्या फोटोत आपल्या फर्मचे पहिले मशीन दिसते. मला काय दिसते ते पुढच्या कलमात लिहिले आहे.

कलम २. पोकलेन.

वरच्या खोलीत काचेच्या पेटीत एक पोकलेन आहे. खऱ्या मशीनच्या पस्तिसाव्या हिश्शाचे, प्लॅस्टिकचे. सुटे भाग चौकटीतून कापून, कानशीने घासून मी ते जोडले. सोमनाथ त्याला खेळणे म्हणतो. माझे पती साहेबरावांच्या खाणीत जे मशीन चालवताना पाण्यात बुडाले, त्याच मशीनचे हे मॉडेल आहे, आणि ते मशीन आदल्या दिवशी जसे होते तसे मी ते रंगवले आहे.

जोडणे सोपे असते. खरे काम त्यानंतरचे. नवे मॉडेल उन्हापावसात झिजलेले दिसावे अशा रंगकामाला वेदरिंग म्हणतात. आधी सगळ्या अंगाला गंजाचा रंग द्यायचा. त्यावर केसांवर मारतात तो स्प्रे मारायचा, आणि तो वाळला की पिवळा रंग. मग ओल्या ब्रशने पिवळा हळूहळू खरवडला की जिथे हवा तिथे खालचा गंज वर येतो. स्प्रे आणायला क्रांती चौकात गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "मावशी, लगीन हाय का घरात?" मी हो म्हणाले. धुराड्याला समईची काजळी लावली. चाकांवरच्या पट्ट्यांना त्याच खाणीतला मुरूम जुन्या ओढणीतून गाळून लावला. बकेटचे दात पेन्सिलीच्या शिशाने घासले, कारण दगडात चालणारे दात कधी गंजत नाहीत, ते चकाकतात.

आणि केबिनच्या दाराला बाहेरून तार बांधली. इअरफोनच्या वायरीतला एक तांब्याचा धागा पिळून, गंजाच्या रंगात बुडवून. ही तार माझ्या मनची नाही. त्या दाराची कडी तुटली होती. साहेबरावांना वर्षभर सांगूनही ती बसवली गेली नाही, म्हणून दार तारेने बांधून मशीन चालायचे. शाळा सुटली की मी डबा घेऊन वेरूळच्या रस्त्याला आत त्यांच्या खाणीवर जायची. कारभारी खिडकीतून हात बाहेर काढून तारेचा पीळ सोडायचे, मग खाली उतरायचे. खिडकी हात निघेल एवढीच सरकायची. सकाळी ती तार कोण बांधत असे ते मी पाहिलेले नाही. जे पाहिले नाही ते मी लिहिणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी नवरात्राच्या सहाव्या माळेला खाणीची कड खचली आणि पोकलेन पाण्यात उलटले. पीळ सोडायला त्यांना सवड मिळाली नाही.

नवव्या माळेला, म्हणजे खंडेनवमीला, साहेबरावांनी मशीन बाहेर काढून धुतले, नवे दार बसवले, पिवळा रंग मारला आणि हार घालवला. मी विचारले, "भाऊजी, जुनं दार कुठंय?" ते म्हणाले, "वहिनी, खंडेनवमी हाय. समदा गाव गाड्या धुतो, म्या एकट्यानंच नाय धुवायचं व्हय?" कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. खंडेनवमीला हत्यारे, यंत्रे धुऊन पुजायचीच असतात.

पण त्या घरात सख्ख्या भावाचे सुतक होते. सुतकात साधी देवपूजा करत नाहीत, तोरण बांधत नाहीत. मग साहेबरावांचा दसरा कुठून आला? म्हणूनच फोटोत हार सांडूच्या हातात आहे. सांडू परक्या घरचा, त्याला सुतक नव्हते. एवढा विचार ज्या डोक्याने केला, त्या डोक्याला दाराच्या कडीचा विचार वर्षभर सुचला नाही.

नंतर चौकशीला साहेब आले. मशीन नव्या नवरीसारखे उभे होते. साहेबराव त्यांना म्हणाले, "भाऊ लई प्यायचा, साहेब. आपलाच मानूस, काय बोलावं." कागदावर चालकाची चूक लागली. कारभारींनी तंबाखूपलीकडे आयुष्यात कशालाही हात लावला नव्हता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा साहेबरावांनी खिशातून दारूची बाटली काढून सगळ्या भावकीदेखत पिंडासमोर ठेवली, म्हणे मेलेल्याची इच्छा राहिली असेल. कावळा तरीही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. त्या दिवसापासून माझा नवरा गावात बेवडा म्हणून मेला. साहेबरावांना मी याबद्दल क्षमा केलेली नाही, मेल्यावरही करणार नाही, आणि ही बाब न्यायालयाने माझी मालमत्ताच समजावी.

हे मॉडेल साहेबरावांची मुलगी संस्कृती हिला द्यावे. तिने बापाच्या माघारी इंटरनेटवरून मला त्याचा खोका मागवून दिला. झाल्यावर पाहायला आलेल्या सगळ्यांनी बकेट वरखाली करून पाहिली. तिने एकटीने वाकून विचारले, "मोठी आई, दाराला ही तार कशाला?" मी सांगितले. ती रडली, आणि घरी जाऊन बापाशी दोन महिने बोलली नाही. दोन महिने म्हणजे फार नव्हे, पण माझ्या मुलाने दोन दिवसही केले नाही. मॉडेल तिने आपल्या बापाच्या घरात, जेवणाच्या टेबलावरून दिसेल असे ठेवावे. ते धुवू नये, पुसू नये, त्याला हळदीकुंकू लावू नये. धूळ बसली तर बसू द्यावी. ती तिथली आहे.

कलम ३. ठेव व दागिने.

पोस्टातली ठेव व माझ्या पाटल्या सून संध्या हिला द्याव्यात. वरची धुण्याबाबतची अट तिच्यामुळे घालावी लागली. माझे पहिले पोकलेन वर्षभराच्या मेहनतीचे होते. दसऱ्याच्या साफसफाईत तिने ते भांड्याच्या साबणाने घासून लख्ख केले, वर कुंकवाचे बोट लावले आणि मला म्हणाली, "आई, बघा कसं नवं झालं!" मी दोन दिवस जेवले नाही. पण तिने ते मायेने धुतले. या घरात धुण्याधुण्यात फरक आहे, तो मला कळतो.

कलम ४. हत्यारे.

ब्रश, कानशी, चिमटे, कापण्या व उरलेला सगळा मुरूम माझी मैत्रीण गीताबाई हिला द्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती शाळेत गणित शिकवायची, कोणाचे ऐकून घेत नाही.

कलम ५. साहेबराव.

पिवळ्या रंगाचे मी दोन डबे आणले होते. एकातच काम भागले. दुसरा न उघडलेला डबा माझे दीर साहेबराव यांना द्यावा. त्यांना उपयोगी पडतो.

त्यांनी मला खांदा देऊ नये, आणि माझ्या दहाव्याला येताना खिशात काही आणू नये.

कलम ६. सांडू.

सांडूला मी काहीही देत नाही. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली तर त्याच्या साक्षीवर संशय घेतात. मला तो साक्षीदार हवा आहे.

कड खचली तेव्हा काठावर तो एकटाच होता. या अकरा वर्षांत मी त्याच्या दारात किती वेळा गेले ते त्याच्या बायकोला विचारावे, चहा तीच करायची. तो दरवेळी म्हणायचा, "बाई, लेकरंबाळं हायेत. पोटावर पाय नका देऊ." आता लेकरे मिळवती झाली आणि साहेबरावांच्या खाणीवरची नोकरीही सुटली.

साक्षीदाराने फक्त माझी सही होताना पाहायची असते, मजकूर त्याला सांगायची गरज नाही, असे वकील म्हणाले. मी म्हणाले, मला गरज आहे. हा सगळा कागद आज मी त्याला स्वतः वाचून दाखवणार आहे, पोकलेन समोर ठेवून. त्यानंतर त्याने सही केली तर करावी. उठून गेला तर वकिलांनी दुसरा माणूस बोलवावा, पण सांडूच्या नावासमोरची जागा कोरी ठेवावी. कारभारींच्या बाजूने आजवर कोणी उभे राहिले नाही. मी डोळे मिटण्याआधी एक तरी माणूस उभा राहावा, एवढीच माझी इच्छा आहे. बाकीची कलमे कायद्यापुरती आहेत.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याइतका दम राहिलेला नाही, म्हणून हेच पहिले आणि हेच शेवटचे धरावे.

स्थळ : पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

(सही) चतुराबाई कारभारी गायके

साक्षीदार क्र. १ : सदर बाईंनी आमच्या दोघांसमोर सही केली. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.
(सही) डॉ. विश्वजीत

साक्षीदार क्र. २, सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात :
कागद आयकला. कारभारीदादा पेले नव्हते. दाराला तार व्हती. त्या दिशी सकाळी म्याच पक्कडीनं पिळली व्हती.
(सही) सांडू