कप्तानसाठी फुलांची जिन

३ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
निर्णय झाला. शनिवारच्या बैठकीतून व्हिस्की हद्दपार. यापुढे फुलांची जिन, तीही फसफसणारी.
कारण कप्तान. चार महिने झाले, शनिवारी आलेला नाही. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काल हिने फोनवर एक फोटो दाखवला. कुणाची तरी गच्ची, सहा माणसं, सहा उंच ग्लास, प्रत्येकात पाकळ्या तरंगतायत, आणि मधोमध कप्तान. हसतोय!
म्हणजे मामला साधा आहे. त्याची चव बदलली. आपण मात्र त्याच बाटलीला आणि त्याच खाऱ्या दाण्यांना चिकटून बसलो. कुणीही कंटाळेल.
हिने विचारलं, प्रश्न ड्रिंकचा आहे असं तुम्हाला खरंच वाटतं? मी हो म्हणालो. ती भाजी चिरायला गेली. सुरीचा आवाज जरा जास्तच येत होता.

४ मार्च, बुधवार
कृती पाठ. जिन पंचेचाळीस मिली. फुलांचं सरबत वीस. लिंबाचा रस पंधरा. वरून गार सोडा. ढवळायचं नाही, चमच्याने एकदा तळापासून वर उचलायचं.
तीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतोय. अर्ध्या मिलिमीटरवर माणसाचं हसू ठरतं. सरबत म्हणजे किस झाड की पत्ती.
कप्तानही कवळ्याच बनवायचा. आम्ही एकाच लॅबमध्ये शेजारी शेजारी होतो. लॅबच्या टेबल टेनिस टीमचा तो कप्तान, टीममध्ये दुसरा फक्त मी. नाव तेव्हापासूनचं. मग त्याने रिटायरमेंट घेतली आणि मी मागच्या खोलीत स्वतःची लॅब टाकली. वहिनी आजारी पडल्या त्या त्यानंतर. नोव्हेंबरमध्ये गेल्या.
डेडलाइन: २१ तारीख, शनिवार.

६ मार्च, शुक्रवार
सरबताची बाटली कुरियरने आली. म्हणजे बाटली आली, सरबत वाटेतच पुठ्ठ्यात मुरलं. कुरियरवाला म्हणाला, वास मात्र मस्त आहे साहेब, दिवसभर गाडीत दरवळत होता.
हरकत नाही. घरीच करणार. ताजं ते ताजं.

७ मार्च, शनिवार. संध्या. ८.००
फुलवालीकडे गेलो. एक डझन गुलाब मागितले. कुणासाठी, म्हणाली. म्हटलं, सरबत करायचंय. तिने फुलं माझ्या हातातून परत घेतली. औषध मारलेली असतात म्हणे, बघायला ठीक, पोटात घालायला नाहीत. मग मी म्हटलं, बायकोला द्यायचीत. लगेच दिली, वर रिबनही बांधली.
घरी येऊन तीनदा धुतली, उकळली, गाळली. रंग सुरेख.
सहा ते आठ बाल्कनीत बसलो. ग्लास सवयीने दोन आणले गेले.

८ मार्च, रविवार
पोट बिघडलं. फुलांचा काही संबंध नाही. कालचं जेवणच जड होतं.
(हिचं पोट ठीक आहे. जेवण तेच. पण तिची प्रकृती मुळातच चांगली.)
सरबत ओतून दिलं. रिबन मात्र हिला दिली.

१० मार्च, मंगळवार
खालच्या मजल्यावरच्या सिस्टरांच्या कुंड्यांत गुलाब आहेत, औषध न मारलेले. मागायला गेलो. त्यांनी कात्री घेऊन स्वतः कापून दिले. भली बाई.
सिस्टर त्याच हॉस्पिटलात आहेत जिथे वहिनी होत्या. म्हणाल्या, तुमचे मित्र रोज यायचे हो, नर्सपेक्षा जास्त ड्यूटी केली त्यांनी. मग म्हणाल्या, तुम्ही मात्र वर कधी दिसला नाहीत.
मी सांगितलं, तेव्हा लॅबला उसंत नव्हती. एकटा माणूस, वर-खाली दोन्ही कवळ्या, शिवाय मला हॉस्पिटलचा वास सोसत नाही. मेसेज मी रोज करत होतो. रोज म्हणजे जवळजवळ.
सिस्टर म्हणाल्या, पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग काढून टाका, कडू असतो.
उपयुक्त माहिती.

१२ मार्च, गुरुवार
सरबत नंबर दोन उत्तम. पण बाजारचा सोडा पटकन बसतो. म्हणून घरच्या सोडा मशीनचा विचार केला. मशीनवर लिहिलंय, फक्त पाणी भरावे. हे अडाण्यांसाठी असतं. सगळंच मिश्रण आत भरून दाब दिला तर फुगे आतपर्यंत शिरतील, असा माझा तर्क होता.
तर्क बरोबर होता. फुगे शिरले. मग बाहेर आले.
छतावर गुलाबी डाग. चष्म्यावर पाकळी. ही दारात उभी राहून एवढंच म्हणाली की तुम्ही एवढी मेहनत करण्यापेक्षा त्यांना एक फोन का करत नाही?
सूचना विचारात घेतली आहे.

१४ मार्च, शनिवार
फोन केला!! चौथ्या रिंगला उचलला. मी आवाज अगदी नेहमीसारखा ठेवला. म्हटलं, काय कप्तान, आहेस कुठे, एक झकास ड्रिंक शिकलोय, एकविसाला ये. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, शनिवारी नाही जमत आता, बाविसाला येतो, रविवारी, पाचला, अर्धा तास. शेवटी विचारलं, तू बरा आहेस ना?
म्हणजे राग वगैरे काही नाही. रागावलेला माणूस तब्येत विचारतो का?
हिला सांगितलं. ती म्हणाली, ते शनिवारी कुठे जातात माहीत आहे का तुम्हाला? म्हटलं, माहीत आहे, गच्चीवर. पुढचं ऐकलं नाही. मला बर्फाचे साचे धुवायचे होते.

१६ मार्च, सोमवार
मापाचा ग्लास अचूक नाही. लॅबमधला काचेचा सिलिंडर घासून वापरला. त्यात आपण कवळीच्या प्लास्टिकचं द्रावण मोजतो. तीनदा घासला.
हिने एक घोट घेतला. म्हणाली, कुणाची तरी कवळी चोखल्यासारखं वाटतंय.
तीनदा घासणं पुरत नाही असं दिसतं.

१८ मार्च, बुधवार
कप्तानने रविवारी विषय काढलाच तर उत्तर तयार असावं म्हणून नोंद करून ठेवतो.
ऑक्टोबर संपत आलेला. कप्तानचा दुपारी फोन आला. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणाला. तू चार ते सहा वहिनीजवळ बसशील का, मी घरी जाऊन जरा पाठ टेकतो. मी हो म्हणालो. बावीस वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच, हेही खरं.
पण नेमकी तातडीची ऑर्डर आली. एका आजीबाईंची वरची कवळी. दुसऱ्या दिवशी नातवाचं लग्न. दातांशिवाय फोटोला कशा उभ्या राहणार बिचाऱ्या? सहा वाजता मेसेज केला, अडकलो रे. त्याचं उत्तर आलं, ओके.
वहिनी त्यानंतर अकरा दिवस होत्या. अकरा दिवसांत कधीही जाता आलं असतं, पण मग पहिल्यांदा का नाही आलास हे निघालं असतं. शेवटी त्यांना निरोप द्यायला गेलो, तोही मागच्या रांगेतून.
उत्तर पटण्यासारखं आहे.

२० मार्च, शुक्रवार
जमलं! खरंच जमलं. रंग पहाटेच्या ढगासारखा, फुगे सरळ रेषेत वर, गुलाब आधी नाकाला आणि मग जिभेला. हिने पूर्ण ग्लास संपवला. म्हणाली, वहिनींना आवडलं असतं. मग आत गेली आणि बराच वेळ आली नाही. लिंबू पिळताना डोळ्यात उडालं असणार.

२१ मार्च, शनिवार
तयारी. ग्लास फ्रीजमध्ये. पाकळ्या ओल्या कापडात.
उद्याचे विषय: टेबल टेनिस, जुन्या लॅबचा मालक, त्याची टक्कल झाकायची पद्धत, माझं सोडा मशीन (याला तो पोट धरून हसेल).
टाळायचे विषय: एकच.

२२ मार्च, रविवार. संध्या. ७.३०
आला. ५.०५ ला. बारीक झालाय. शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलत होती.
समोरच बनवलं. त्याने ग्लास धरला, वास घेतला आणि टेबलावर ठेवला. म्हणाला, मी सोडली रे, नोव्हेंबरपासून.
म्हटलं, आणि ती गच्ची? म्हणाला, ते नुसतं सरबत आणि सोडा असतं. आम्हा सहाही जणांचं माणूस गेलेलं आहे. हॉस्पिटलनेच गट जमवून दिला, शनिवारी बसतो. मग हसत काय होतास, विचारलं. म्हणाला, त्यातले एक आजोबा बायकोच्या घोरण्याची नक्कल करत होते.
मी सोडा मशीनची गोष्ट सांगितली. हसला, पण पोट धरून नाही.
मग म्हणाला, एक सांगतो, रागाने नाही सांगत, पण मनात ठेवून तुझ्याकडे येणं जमत नव्हतं. त्या दिवशी तू येणार म्हणून तुझ्या वहिनीने नर्सकडून केस विंचरून घेतले. उशा लावून बसली. भाऊजी येऊन हसवतील, म्हणाली. मला बळेच घरी धाडलं. सहाला मी परत आलो तेव्हा एकटीच बसली होती. आडवी हो म्हटलं तर ऐकेना, येतील, म्हणाली, कामात असतील.
ही स्वयंपाकघरात होती. तिकडून भांड्याचाही आवाज येईना.
पुढच्या महिन्यात तो मुलीकडे जातोय. दुसऱ्या शहरात. कायमचा.
अर्धा तास म्हणाला होता. चाळीस मिनिटं बसला.

२३ मार्च, सोमवार. सकाळी ६.००
ऑर्डर नव्हती. आजीबाईंची कवळी दोन दिवस आधीच तयार होऊन डबीत पडली होती.
मी साडेतीनला निघालो. संत्री घेतली. चारला दहा कमी असताना हॉस्पिटलमध्ये पोचलो आणि खाली लिफ्टसमोरच्या खुर्चीवर बसलो. लिफ्ट खाली यायची, दार उघडायचं, लोक आत जायचे, दार लागायचं. पुढच्या वेळी उठू, असं दर वेळी ठरवत होतो. तीस वर्षं माणसांची तोंडं बघतोय. चेहरा आटत गेला की दात कसे पुढे येतात ते मला ठाऊक आहे. वहिनींचं तसं बघायचं नव्हतं. त्या मला बघून हसल्या असत्या, आणि मला ते बघावं लागलं असतं.
कप्तान घरी जाताना माझ्यासमोरून गेला असणार. मी पेपर तोंडासमोर धरला होता.
सहाचा मेसेज मी तिथूनच केला. त्या चार मजले वर होत्या.
काल दारात कप्तान बूट घालत होता. एक पाय घातला, दुसरा बूट हातात घेऊन थांबला आणि विचारलं, त्या दिवशी खरंच ऑर्डर होती का रे? आवाज अगदी मऊ होता. बूट हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. घाई करत नव्हता.
मी विचारलं, सरबत जरा जास्त झालं होतं का?
नाही रे, म्हणाला, छान होतं.
एक घोटही घेतला नव्हता त्याने.