तीन सूत

सेक्टर ६, भिलाई

प्रिय लहानू, जयभीम.

खुशबू बरी आहे, जेवते. गणित नको म्हणून तुझ्या लेकीने आयटीआयत वेल्डिंग घेतले आणि तू तिच्याशी बोलणे टाकलेस.

काल ती म्हणाली, "आत्या, फाटक तीन सूत लटकून राहिलं."

मी धागा शोधू लागले.

"इंचात आठ सूत असते, आत्या. तू तं बीएस्सी ना!"

बिजागरी वेल्ड करून तिने फाटक सरळ केले. वीस वर्षे मी ते खांद्याने ढकलत होते.

तिच्या मनगटावर ठिणगीचा डाग आहे, मी मलम लावते. ती परतेपर्यंत मला बसवत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? रविवारी खुशबूला फोन कर. गणिताचे नाव काढू नकोस. स्वतःला ते येते, हे तिलाच अजून कळलेले नाही.

तुझी,
सिंधुताई