भाचीचे पाय

पुणे, २६ ऑक्टोबर

ती. दादास साधनाचा सा. न. वि. वि.

काल सकाळी घरी सुखरूप पोचले. पियूला तुमच्याकडे ठेवून निघाले तेव्हा फाट्यापर्यंत रडले, ते तू पाहिलंसच. फोन करणार नाही. फोन दिसला की तिला तोच लागतो. म्हणून हे पत्र वसमतच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ देते, तूही तसंच पाठव.

भाऊबीजेच्या गडबडीत बोलता आलं नाही ते आता लिहिते. पियू कपडे मळवत नाही म्हणून सगळे तिला शहाणी म्हणतात. पण दादा, ती आठ वर्षांची झाली आणि शाळेच्या मैदानात पोरी खेळतात तेव्हा ही पायरीवर उभी असते. हाताला माती लागली की रडते. धुऊन धुऊन तळहाताची सालं निघालीत. करोनात ती तीन वर्षांची होती. तेव्हा मीच तिला दर तासाला हात धुवायला लावलं, खाली पडलेलं काही शिवू दिलं नाही. हे सगळं माझ्याच हातचं. खोटं कशाला बोलू, आता मलाही चप्पल काढून मातीत पाय ठेववत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध काही नको, पोरीला चिखलात खेळू द्या. नऊ तारखेला मी न्यायला येते. तोवर तिला एकदा तरी चिखलात लोळव. मंजुळावहिनींना नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नको.

तुझी
साधना


कुरुंदा, २९ ऑक्टोबर

चि. सौ. साधनास ग्यानोबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आमी समदे बराबर हाव. रानातली हळद कमरेला लागली. पियूची काळजी करू नको, पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपून राहिलो. रानात नेतो ते खांद्यावर बसवून. अंगणात तं आपण औंदा फरशीच टाकली.

तुझं पत्र मंजुळानं मोठ्यानं वाचलं आन् मला घाम फुटला. अगं, भाची हाय ती. रोज सकाळी ज्या पायावर डोकं ठेवतो ते पाय चिखलात घालू? गाव माझ्या तोंडात शेण घालील. आपल्यात मामा भाचीच्या पाया पडतो, हे पुण्यात जाऊन इसरलीस काय?

तरी तुझा शब्द खाली पडू दिला न्हाई. मंजुळानं रानातली माती आणली, पिठाच्या चाळणीनं चाळली, कोमट पाण्यात कालवली आन् पियूला खुर्चीवर बसवून घमेलं पुढं ठेवलं. पोरीनं एक बोट बुडवलं, वास घेतला आन् साबण कोणता हाय म्हणून इचारलं. मंग चारदा हात धुतले. डॉक्टरीणबाईला सांग, चिखल झाला म्हणून.

जावाईबापूंना रामराम. भावाची आठवण ठेवून राहा.

तुझा दादा
ग्यानोबा


पुणे, १ नोव्हेंबर

ती. दादास रागावलेल्या बहिणीचा नमस्कार.

चाळणीनं चाळलेला चिखल वाचून आधी हसले, मग रडू आलं. लहानपणी मला ओढ्यात ढकललंस, नाकातोंडात गाळ गेला, आणि घरी सांगितलंस की म्हैस समजून ढकललं. तेव्हा कुठं गेला होता हा मानपान? वहिनींना विचार, त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे का.

आता गमतीचं सोडून लिहिते. मैदानात पोरींनी तिला खेळायला बोलावणंच सोडून दिलंय. दिवाळीआधी तिच्या बाई सांगत होत्या, ती मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाते. माझं काळीज तुटतं रे. तिच्या पायांची पूजा तू जन्मभर कर, पण ते पाय आधी पळू देत. भाचीला देव केलंस तर ती देव्हाऱ्यातच बसून राहील.

आठच दिवस राहिलेत. माझा राग पोटात घाल आणि बहिणीचं एवढं ऐक.

साधना


कुरुंदा, ५ नोव्हेंबर

चि. सौ. साधनास आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागलं न्हाई. ओढ्याची गोष्ट मंजुळाला ठाऊक नव्हती, आता समद्या गावाला ठाऊक हाय.

तरी माझ्यानं धीर होईना. काल पियूला खांद्यावर घेऊन हळदीकडं चाललो होतो. खारीनं ठिबकची नळी कुरतडली होती. पाणी वाहून बांधाखालचं काळं रान नुसतं लोणी झालं होतं. मी आपला वर भाचीकडं बघत चाललो आन् गुडघ्यापर्यंत आत गेलो. एक पाय काढावा तं दुसरा खचे. चपला तं आतच राहिल्या. पोरीला खाली ठेवावं तं तिचे पाय भरतात, न्हाई ठेवावं तं मीच रुतून राहिलो.

मंजुळाला हाका मारल्या. ती बांधावर बसून पदर तोंडाला लावून हसू लागली. म्हणे, ताईंनी चिखलच सांगितला व्हता, तुमी काहून ओरडून राहिले? तांड्यावरची पियूएवढी निता पाच-सात पोरी घेऊन बघायला आली. मी तसाच उभा, खांद्यावर पालखी घेतल्यावानी.

पाय लटपटाय लागले. पियूनं वरून इचारलं, मामा तुझे पाय दुखतात का. मी म्हणालो दुखतात, पण तू उतरू नको. तं पोरगी सरळ पाठीवरून घसरली आन् चिखलात उभी राहिली. मी डोळेच मिटले, म्हणलं आता रडंल. उघडून बघतो तं कोपरापर्यंत हात घालून माझी चप्पल हुडकून राहिली. निता ओढाय आली, दोघी उताण्या पडल्या, आन् मंग समद्याच पोरी उतरल्या. त्यापरीस म्हसरं शहाणी. दुपार टळली तरी घरी यायचं कुणी नाव घेईना.

आज सकाळी पाया पडाय गेलो तं तिच्या नखांत काळी माती होती. मी डोकं ठेवलं आन् मला रडू आलं. चुकलंच माझं, साधना. सोबत पियूचं पत्र हाय, ते मला वाचू दिलं न्हाई. वाट पाहून राहिलो.

ग्यानोबा


प्रिय आई,

पियूचा साष्टांग नमस्कार. मामी म्हणाली असंच लिहितात.

मामाची एक चप्पल सापडली. दुसरी आम्ही अजून हुडकून राहिलो. निता म्हणते ती आता पुढच्या वर्षी हळदीबरोबरच निघेल. काल मी चार वेळा पडले आणि एकदाच रडले, निता घरी निघाली तेव्हा.

मामीनं मला सांगितलं की तुला पण मातीत पाय ठेवायला भीती वाटते. मला माहीत नव्हतं, मला वाटायचं फक्त मलाच वाटते. तू न्यायला येशील तेव्हा जुना ड्रेस घालून ये. आधी थोडं थंड लागतं, मग काही नाही होत. तू भिऊ नको. मी तुझा हात धरीन.

तुझी
पियू