किर्तीचा वाढदिवस होणार

किर्ती,

मी फुलवाती आणायला नाक्यावर गेलोय. सुरमईचं कालवण झालंय, भात कुकरमध्ये आहे.

टेबलावरच्या मावळ्यांना हात लावू नकोस, ओले आहेत. दिवाळीच्या किल्ल्यांवरच्या मावळ्यांची ऑर्डर उद्या पोचवायचीय, म्हणून दुपारपासून एक रंग वाळेपर्यंत स्वयंपाक, मग पुन्हा रंग असं चाललंय. ब्रश ओठांत धरून टोक काढायची सवय आज बंद ठेवली, नाहीतर जिभेला मीठ कळत नाही. त्यामुळे मावळ्यांच्या मिशा जाड आल्यात. हसू नकोस.

सकाळी तू म्हणालीस, "पप्पा, आई जाऊन वर्ष झालं नाही, वाढदिवस नको." वर्षभर घरात सण करत नाहीत, हे मलाही माहीत आहे. म्हणून गोडाचं काही केलं नाही. पण तुझा वाढदिवस काही सण नाही, तो मी सोडणार नाही.

औक्षण आई करायची. आज मी करणार. पुरुषाने ओवाळायचं नसतं, असं सोनूमावशी फोनवर म्हणाली. तिलाही जेवायला बोलावलंय.

आल्यावर तोंड धुऊन पाटावर बस. तुला ओवाळल्याशिवाय मी जेवणार नाही, आणि मला भूक लागलीय.

पप्पा