पाण्यातून थेट गडावर

३ नोव्हेंबर
आले एकदाची नाशकात! सातपूरला कंपनी, जवळच तळमजल्यावर खोली, आणि काम असं की सटाण्यात आईला समजावताना नाकी नऊ आले. धरणाचे दरवाजे दुरुस्त करणारे पाणबुडे मनगटाला घड्याळ बांधतात. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो. वर येताना दाब उतरला की त्याचे बुडबुडे होतात, गोटी सोडा फोडल्यावर होतात तसे; सांधे ठणकतात, जीवही जातो. कधी आणि किती थांबत वर यायचं, हे घड्याळाला शिकवणारं गणित मी तपासायचं. आईने विचारलं, नाशकात समुद्र कधी आला!

५ नोव्हेंबर
घोटीचे पाणबुडे दिनेशभाऊ आले होते. त्यांचा भाऊ भिका, तोही पाणबुड्या, गेल्या वर्षी धरणातून वर आला. घड्याळाने हिरवा दिवा दिला, म्हणजे धोका नाही. संध्याकाळी गडावर, देवीच्या पायऱ्यांवर कोसळला तो गेलाच. त्याचं घड्याळ त्यांनी तपासायला दिलं. मी हौसेने हातावर बांधलं. दिनेशभाऊ सांगत होते, ‘काम झालं का पाण्यातून थेट वणीला, गडावर नारळ फोडायला. लय जुनी रीत हाय आमची.’

मी चरकलेच. उंचावर हवेचा दाब आणखी कमी. अंगात उरलेला वायू तिथे उसळणार. आणि आमच्या गणितात गडच नाही.

७ नोव्हेंबर
आमच्या साहेब शुभांगी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू, आज गणित बरोबर म्हणून सही कर. नवी नोकरी. केली. पण जिवाला चैन नाही. उद्या दिनेशभाऊ हेच गणित बांधून धरणात उतरणार.

८ नोव्हेंबर, सकाळ
मनगटावरचं भिकाचं घड्याळ सांगतंय, मी पाण्याखाली आहे. टेबलाशी बसलेय, कोरडीठाक. मीटरचा आकडा वाढतोय. पट्टा निघेना. मनगट सुजलंय. कात्रीही चालत नाही.

दुपार
आकडा शून्य. हिरवा दिवा. कोपर ठणकतंय —
दिनेशभाऊंना फोन लागला! काम आटपलं होतं. हात जोडून सांगितलं, आज गडावर जाऊ नका. ऐकलं त्यांनी. किती बरं वाटलं.

संध्याकाळ
दिनेशभाऊ घोटीत, घरी. मी फरशीवर बसलेय. आणि घड्याळ सांगतंय, मी वर चढतेय —
दाब उतरतोय. वणी मागे पडली असेल — घाट —
कातडीखाली काहीतरी सरकतंय. खांद्यापर्यंत आलं —
गड. दिवा हिरवाच. माझ्याच सहीचं गणित. धोका नाही म्हण