शहर संपतं तिथले साठ मीटर

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला काही विचारलं नाही. आज विचारायचंय, आणि ते कामाचं आहे म्हणून जरा सोपं जातंय. मी शहरांची आखणी करते. सध्या माझ्याकडे लखनौची कड आहे. बख्शी का तालाबच्या पुढे एक नवी कॉलनी होतेय; तिची शेवटची घरं आणि गावाची शेतं यांच्यामधला साठ मीटर रुंदीचा पट्टा कसा असावा, हे मी ठरवायचं. शहर एकदम तुटू नये, हळूहळू उतरत जावं, एवढीच सूचना होती. मी तसंच काढलं. चार मजले, मग दोन, मग बैठी घरं, मग झाडं, फिरायचा ट्रॅक, आणि शेताच्या बाजूला झुडपांचं दाट कुंपण, कमरेएवढं. म्हणजे बाकावर बसलं की गहू दिसेल आणि जनावरं आत येणार नाहीत.

तुम्हाला अर्धवट काही चालत नसे. लखनौत, इंदिरा नगरच्या आपल्या स्वयंपाकघरात तुमच्या मराठी प्रश्नाला मी हिंदीत उत्तर दिलं की तुम्ही हातातला घास तसाच धरून थांबायचात. "काय ते एक बोल. हे अर्धं इकडं, अर्धं तिकडं नको." मी म्हणायचे, "अच्छा, बाबा," आणि आई पाठ फिरवून हसायची. आता त्या अर्ध्या-अर्ध्या जागेसाठीच ऑफिसात मला विचारतात. तुम्हाला हे काम पटलं असतं का, ते मला ठरवता येत नाही, कारण एक गोष्ट जुळत नाही.

तुम्ही हवाई दलात होतात तेव्हा आपण बख्शी का तालाबलाच भाड्याने राहत होतो. ओळीतलं शेवटचं घर, स्वयंपाकघराचं मागचं दार शेतात उघडायचं. मी सहा वर्षांची आहे. एक सांड आत आलाय आणि आईने निवडून ठेवलेली मेथी खातोय. आई ओट्यावर चढून तुम्हाला हाका मारतेय. पुढच्या रविवारी तुम्ही दोरी ताणून, विटा भिजवून मागे भिंत घातलीत. सरळ, एका रेषेत. पण एका टोकाला माणूस अंग चोरून जाईल एवढी फट राहिली. शेतापलीकडून येणारी दूधवाली दुधाचा डबा आधी आत सरकवायची आणि मग स्वतः यायची. आई म्हणाली, "अहो, एवढं राबलात आणि हे असं का सोडलंत?" तुम्ही म्हणालात, "असू दे." बस, एवढंच. विटा कमी पडल्या, की मुद्दाम? तुम्ही विटा मोजून आणणारे होतात. उरलेल्या विटा पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचा अर्थ नव्हत्या असा होत नाही.

मंगळवारी मी आराखडा घेऊन गावात गेले. खाटेवर कागद पसरला, चार-पाच माणसं जमली. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक म्हातारी बाई वाकून बघायला लागली.

"बिटिया, ये हरा-हरा क्या है?"

"पेड़ हैं, अम्मा. घूमने की जगह."

"किसके घूमने की?"

"सबके."

"तो हमारा रास्ता किधर है? हम तो रोज़ भैंस लेके इधर से ही सड़क पे आते हैं."

मी कागदावर बोट फिरवत फाटकं शोधली. पाच फाटकं होती, पाचही कॉलनीच्या बाजूला. शेताकडून एकही नाही.

"अब क्या झाड़ी कूद के आएँगे? भैंस भी कूदेगी?"

मागून एक जण म्हणाला, "अरे काकी, तुम तो देखने की चीज़ हो. साहब लोग बेंच पे बैठ के तुमको देखेंगे." सगळे हसले. तीही हसली. मला हसावं की नाही ते कळलं नाही.

चूक कशी झाली ते मला नेमकं सांगता येतं. माझ्याकडचं उपग्रहाचं चित्र गहू उभा असतानाचं होतं. ती वाट बांधावरून जाते, पीक वाढलं की वरून दिसत नाही. जागेवर मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा कॉलनीच्या बाजूने, गाडीने. आपण तीन वर्षं त्याच बाजूला राहिलो, आणि माझ्या मनातही आलं नाही की शेताकडूनही कोणी इकडे येतं.

बुधवारी ऑफिसात आमच्या सरांना म्हटलं, गावाकडून रस्ता द्यायला हवा. ते म्हणाले, "यार, ट्रैक पर भैंस? पूरी ड्रॉइंग बिगड़ जाएगी." आराखडा शुक्रवारी सहीला जाणार होता. माझ्या पाहणीत ती वाट सुटली, हे मी बोलले नाही. दुपारी कुंपणात तीन ठिकाणी चार-चार मीटर जागा मोकळी सोडली आणि त्यांना सांगितलं की शेतातलं पावसाचं पाणी निघायला हवं. "हाँ, ड्रेनेज तो देना ही पड़ेगा," ते म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले. काल सही झाली.

हे शहाणपण होतं की भित्रेपणा, हेच तुम्हाला विचारायचं होतं. मला दोन्ही बाजूंनी मांडता येतं, आणि दोन्हीकडून हिशोब बरोबर येतो. उद्या कोणी त्या मोकळ्या जागेवर जाळी बसवली तर कागद त्याच्याच बाजूने बोलेल, कारण त्यावर ती जागा फक्त पाण्यासाठी आहे. आज सकाळी मी त्या अम्मांना मुद्दाम जाऊन सांगितलं, "रास्ता रख दिया है, अम्मा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नकाशात रस्ता हा शब्द कुठेच नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.