गप्प म्हणजे होकार

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

"मित्रांनो, आपण सगळे लहानपणी दुसऱ्यांच्या गावांत खेळलो. टीव्हीला लावलेल्या त्या खेळांत परकी खेडी होती, परके किल्ले होते, आग ओकणारे ड्रॅगन होते. आपली खाडी एकाही खेळात नव्हती. ही आपली सगळ्यांची तक्रार, म्हणून आपण एकत्र आलो. आणि आज आपल्याच खेळातून आपण खाडी काढून टाकली!"

हे मी आज बोलणार होते. बोलू दिलं नाही. ग्रुपचं कामकाज बघणाऱ्या सत्यजीतने लिहिलं — "अनुयाताई, मुदत संपली. पुढे जाऊया."

पुढे! कुठे पुढे?

'खाडीपार'वर आम्ही तीसेक जण दोन वर्षं राबतोय. कुणी कुणाला पगार देत नाही, निम्मे एकमेकांना भेटलेलेही नाहीत. जुन्या पद्धतीचा खेळ — ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, वरून दिसणारा नकाशा, खाली तीन ओळींची चौकट, तिच्यात पात्रं बोलतात. ती वाक्यं माझी. (व्यासपीठावर तासभर बोलणाऱ्या बाईला तीन ओळी! पण शिकले.)

सुरुवातीचा भाग मात्र सगळा परेशचा. वाक्यंसुद्धा. परेश उरणजवळच्या करंज्याचा. वडिलांच्या ट्रॉलरवर जातो, किनाऱ्यावर असला की फोनवर चित्रं काढतो. त्याच्या भागात नायिका कोळीवाड्यात जागी होते आणि पहिलं काम काय, तर बोटीवर बर्फ पोचवणं. भरती आली की वाट बुडते. ओहोटीला चिखलातून पलीकडे जाता येतं. वेळ चुकली की अडकलात! असा नकाशा मी कुठल्याच खेळात पाहिलेला नाही.

शनिवारी सत्यजीतने प्रस्ताव टाकला — हा भाग वगळू, सुरुवात किल्ल्यावरून करू. "पहिल्या पाच मिनिटांत प्लेयरच्या हातात तलवार पाहिजे, सुकट नाही."

आमचा नियम असा — ज्याचा भाग, हरकत त्यानेच घ्यायची. एक हरकत आली की प्रस्ताव पडला; तो तीन दिवस गप्प राहिला, तर होकार. परेश शुक्रवारी समुद्रात गेला. जाताना ग्रुपवर लिहून गेला होता, "बारा दिवस नाय मी. पापलेट हवी त्यांनी आताच बोला." सगळे हसले होते. सत्यजीतही हसला होता!

म्हणजे माहीत होतं.

१६ तारखेला खेळ लोकांसाठी खुला होणार. कोळीवाड्याशिवाय.

५ नोव्हेंबर

हरकत नोंदवली. सत्यजीतचं उत्तर आलं — "तो भाग तुमचा नाही, ताई." शेजारी जोडलेल्या हातांचा इमोजी. हात जोडून लाथ!

६ नोव्हेंबर, गुरुवार

आठवड्याची बैठक. सगळे आपापल्या घरी, कानात हेडफोन. मी बोलले. चांगली पंधरा मिनिटं बोलले. म्हटलं, जो माणूस ऐकूच शकत नाही त्याच्या गप्प बसण्याला होकार म्हणणं ही चोरी आहे. म्हटलं, माझ्या पनवेलहून तासाभरावर चिरनेर आहे, तिथल्या लोकांवरही इंग्रजांनी जंगलाचा कायदा असाच न विचारता लादला होता. ती माणसं मुदत बघत बसली नाहीत!

सत्यजीत म्हणाला, "ताई, आपण गेम बनवतोय, सत्याग्रह नाही."

मग कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, तेवढीच.

बैठक संपल्यावर फोन वाजायला लागला. सगळे खासगी निरोप. मनस्वी — ती आमची संगीतकार, सांगलीची — लिहिते, "ताई, काय बोललात! अंगावर काटा आला."

मी लिहिलं, "मग तिथे का नाही बोललीस?"

"मला वाद नको वाटतो हो. आणि तो नियम आहेच ना."

अशा आठ जणांच्या अंगावर काटा आला. आठ काटे आणि जीभ एकही नाही!

आभा — माझी धाकटी बहीण — म्हणाली, "ताई, भाताचा करपट वास येतोय. बंड जेवून कर." भात खरंच करपला होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

पनवेल स्टँडवरून उरणची एसटी, पुढे रिक्षा. परेशची बायको कीर्ती बंदरावर भेटली, पाटीतल्या कोळंबीवर बर्फ टाकत होती. तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मंगलवारी येल नायतर बुधवारी. दर्यात रेंज नाय, ताई. तिथं टॉवर कुनाचा बाप लावनार?"

मी विचारलं, बोटीवर वायरलेस असतो ना?

ती एवढ्या जोरात हसली की शेजारच्या बायका वळल्या. "वायरलेसवर काय बोलू? 'परेश, तुझा गेम बुडाला'? सगल्या बोटी ऐकतान! गाव वरीसभर चिडवल त्याला." मग हसू आवरून म्हणाली, "पन तो भाग काढला काय खरंच? दिवालीला सगल्या पोरांनी खेलून बघितला. रात झाली तरी फोन सोडत नव्हती."

पैसे न घेता कोळंबी बांधून दिली. परतीच्या एसटीत डोक्यात एकच. या माणसांना काय सांगायचं — की तुम्ही तीन दिवस उत्तर दिलं नाही?

९ नोव्हेंबर, रविवार

सत्यजीत ट्रेकला गेला! ग्रुपवर फोटो, पाठीवर सॅक. "शुक्रवारपर्यंत रेंज नाही, मजा करा."

दर्यात रेंज नाही, तशी डोंगरातही नाही.

त्याची गाडी सुटली असेल तेवढ्यात मी प्रस्ताव टाकला. दोन वाक्यं. कोळीवाडा परत घ्यावा. गप्प बसण्याला होकार मानण्याचा नियम रद्द व्हावा. नियमाचा प्रस्ताव सगळ्यांच्या मालकीचा, म्हणजे हरकत कुणीही घेऊ शकतो. बुधवारी रात्री मुदत संपते.

आभाने वाचलं. म्हणाली, "त्याचंच औषध त्याला?"

हो. त्याचंच. कडू लागू दे!

१० नोव्हेंबर

एकही हरकत नाही. एकही पाठिंबाही नाही. मनस्वीचा खासगी निरोप — "ताई, भारी!"

११ नोव्हेंबर

शांतता. जिंकतेय. जिंकताना एवढी चीड मला कधी आली नव्हती. तीस माणसं, आणि कुणी 'हं' म्हणायला तयार नाही! उद्या कुणी लिहिलं की खेळच बंद करू, तर तोही असाच मंजूर होईल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी परेशची बोट लागली. संध्याकाळी त्याचा फोन. मला वाटलं आभार मानेल.

"ताई, सगला वाचला. सत्याला मी सोडनार नाय, तोंडावर बोलनार. सुकट बोलतो काय! त्याच्या घरी गोनभर पाठवतो."

मी हसले. म्हटलं, रात्री मुदत संपली की तुझा कोळीवाडा परत.

"नाय." बंदराच्या गलक्यावर आवाज चढवून म्हणाला, "तो डोंगरात हाय, ताई. मी दर्यात होतो. मंग फरक काय ऱ्हायला? असा गपचूप दिलेला मना नको. पडला तर पडू दे, पन बोलून पडू दे."

मी म्हटलं, अरे वेड्या, रविवारी खेळ खुला होतोय. फार तर तिघे-चौघे तुझ्या बाजूने बोलतील, बाकीचे किल्ल्याच्या. हरशील!

"हरू. पोरांना सांगीन, हरलो."

फोन ठेवला आणि त्याने ग्रुपवर हरकत नोंदवली. माझ्या प्रस्तावावर. स्वतःच्या भागाविरुद्ध!

प्रस्ताव पडला. कोळीवाडा बाहेरच.

१३ नोव्हेंबर

रात्रभर त्याच्यावर चिडले होते. सकाळी कुणावर चिडायचं ते कळलं. चूळ भरण्याआधी ग्रुपवर टाकलं, तीन ओळींत बसवून —

सत्यजीत उद्या परततोय. उद्या रात्री नऊला परेश आणि तो समोरासमोर बोलतील.
मला खासगी निरोप पाठवू नका. एकही वाचणार नाही.
सगळ्यांनी या, माइक चालू करा, आणि कोळीवाडा हवा की नको ते स्वतःच्या आवाजात सांगा.